ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) 'लाइव्ह' वाजवतात म्हणजे नक्की काय करतात?

खर्जातला
एका कार्यक्रमासाठी अर्ज भरतोय. त्यात दोन चौकटी आहेत, 'डीजे सेट' आणि 'लाइव्ह सेट'. खूण एकीवरच करायची. माझा जोडीदार म्हणतो, ट्रॅक सगळे आपलेच आहेत, दुसऱ्या कुणाचं एक सेकंदही वाजवत नाही, म्हणजे लाइव्ह. मी म्हणतो, आपले असले म्हणून काय झालं, ते बनवून झालेत ना? स्टेजवर आपण लॅपटॉपमधल्या क्लिपा (ट्रॅकचे तयार तुकडे) एकामागून एक सोडणार, फिल्टर फिरवणार, मध्येच एखादी ओळ सिंथवर बोटांनी वाजवणार. किक (ड्रमचा खालचा ठोका), हॅट (झांजेचा आवाज), बेस सगळं ठरल्याप्रमाणे आपलं चालत राहणार.

यावरून आमचं चांगलंच वाजलं. (ते मात्र लाइव्ह.)

माझं मत सांगून टाकतो, मग हवं तर सोलून काढा. या संगीताचा जीवच मुळी यंत्राच्या न चुकणाऱ्या पुनरावृत्तीत आहे. मग यंत्र वाजवतंय ते 'मी लाइव्ह वाजवतो' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? २०१२मध्ये डेडमाऊस या बड्या ईडीएम कलाकाराने स्वतःच लिहून टाकलं होतं की आम्ही सगळे प्लेचं बटण दाबतो, आणि थोडीफार माहिती असलेल्या कुणालाही तासभर शिकवलं तर माझ्या कार्यक्रमात मी करतो ते तो करू शकेल. घरच्यानेच सांगितल्यावर उरलं काय?

अनुभवींनी लिहावं. फक्त 'संगीत आतून यायला हवं' छाप प्रतिसाद नकोत.

रिकामटेकडा
संगीत आतून यायला हवं.

बिनतारी
+१ :)

सोळामात्रा
डेडमाऊसचं अर्धंच उचललंत. त्याच लिखाणात त्याचं म्हणणं होतं की त्याचं कसब स्टुडिओत दिसतं. आणि प्रचंड मोठ्या कार्यक्रमांत बटण दाबून मोकळं व्हायला कारणही असतं. गाण्याच्या बरोबरीने एक टाइमकोड धावत असतो. तो स्पीकरला जात नाही, पण दिवे, मागचा पडदा, धूर, ज्वाळा ही सगळी यंत्रणा त्याच्याकडे कान लावून बसलेली असते. अमुक मिनिट, अमुक सेकंद, अमुक फ्रेम आली की अमुक दिवा. आता कलाकाराला वाटलं की लोक रंगलेत, हा ब्रेकडाउन (ठेका काढून घेतलेला भाग) अजून आठ बार (बार म्हणजे चार ठोके) ताणू, तर ज्वाळा आठ बार आधीच उडून जाणार. मग तो ताणत नाही. हात वर करून टाळ्या वाजवतो.

तेव्हा तिथे हात बांधलेत ते रोषणाईने. संगीताला कशाला दोष देताय?

कोमलनिषाद
पळवाट. रोषणाई नसती तर त्याने काय वेगळं केलं असतं? आठ बार ताणले असते, एवढंच ना? ताणणं म्हणजे वादन?

निशाचर
छोट्या जागी जाऊन बघा एकदा. टेक्नो वाजवणाऱ्या जेफ मिल्सचे ९०९वरचे व्हिडिओ काढा. हे ड्रम मशीन रोलंडने १९८३मध्ये आणलं. खालच्या कडेला सोळा बटणं, प्रत्येकाला दिवा, एक बटण म्हणजे बारचा सोळावा भाग. पॅटर्न चालू असतानाच ठोके घालता येतात, काढता येतात. मिल्स किक काढून घेतो, हॅट पेरतो, तेवढ्यात दुसऱ्या हाताने स्नेअरचा सूर पिळून वर नेतो आणि किक परत आणतो. मान खाली, चेहऱ्यावर माशी हलत नाही. मशीन वाजवतंय हे खरं, पण या बारमध्ये काय वाजायचं ते माणूस मागच्या बारमध्ये ठरवतोय.

गंमत म्हणजे शेजारी तो रेकॉर्डही वाजवत असतो. मग तुमच्या अर्जात त्याने कुठल्या चौकटीवर खूण करायची?

रिकामटेकडा
जेफ मिल्स अर्ज भरत नाही. त्याला अर्ज येतात.

मंदाकिनी_फेडर
खर्जातला, तुमच्या व्याख्येत एक अडचण आहे. तबल्याचा सोलो आठवा. हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो. सोळा मात्रा, पुन्हा त्याच सोळा मात्रा, पुन्हा त्याच. लेहरेवाल्याने मध्येच कलाकारी दाखवली तर तबलजी डोळे वटारतो. त्याने न बदलणं हेच त्याचं काम. तो लूपच आहे की! त्याच्यावर पेशकार, कायदे, रेले उभे राहतात आणि आपण त्याला प्रत्यक्ष मैफल म्हणतो. तेव्हा काहीतरी ठरल्याप्रमाणे फिरत राहतंय एवढ्यावरून लाइव्हपणा जात नाही. फिरणाऱ्या गोष्टीच्या वर काय घडतंय ते बघायला हवं.

कोमलनिषाद
ताई, लेहरेवाला माणूस असतो. लय चढवायची तर तबलजी नुसतं बघतो आणि लेहरा चढतो. तुमच्या यंत्रातल्या क्लॉकला नजर कळते का?

मंदाकिनी_फेडर
नाही कळत. टेम्पोचा नॉब कळतो. :) पण मुद्दा मान्य, जरा विचार करून लिहिते.

धांडोळा
अवांतर, पण लेहऱ्यावरून आठवलं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. १९८२मध्ये त्यांनी रोलंडचं ८०८ ड्रम मशीन, ३०३ बेस मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१०मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगभरचे अ‍ॅसिड हाउसवाले अवाक झाले, कारण त्याच ३०३च्या आवाजावर उभ्या या प्रकाराला ज्यावरून नाव पडलं ते शिकागोच्या फ्यूचर या गटाचं गाणं १९८७चं. मग सत्तरी ओलांडलेले सिंग परदेशात जाऊन ते पुन्हा वाजवू लागले. खाली मशीनचा ठेका, वर बोटांनी राग. हे लाइव्ह नाही असं कोमलनिषादही म्हणणार नाहीत बहुतेक.

कोमलनिषाद
नाही म्हणणार. बोटं आहेत ना तिथे.

बिनतारी
बोटांवरच यायचं तर खरी भानगड सॉफ्टवेअरमध्ये आहे. एबलटनच्या प्रोग्रॅमचं नावच 'लाइव्ह'. २००१मध्ये आला. बनवणाऱ्यांपैकी गेरहार्ड बेल्स आणि रॉबर्ट हेन्के हे दोघे मोनोलेक नावाने स्वतः वाजवायचे, त्यातूनच कल्पना निघाली. पण त्यात क्लिप सोडायची सोय कशी आहे बघा. तुम्ही बटण कधीही दाबा, क्लिप पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यालाच सुटते. तुम्ही घाईत, उशिरा, झोपेत, कसंही दाबा, सम चुकत नाही. बंद करता येतं ते, पण करतं कोण? वादकाला चुकायची मुभाच नाही, तर त्याच्या बरोबर असण्याचं कौतुक कशाला?

सोळामात्रा
बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). पण पियानोवाल्यालाही दोन पट्ट्यांच्या मधला सूर लावायची मुभा नाही. वाद्य काही गोष्टी स्वतःकडे ठेवतं, काही वादकाकडे देतं.

खर्जातला
बिनतारी, नेमकं हेच म्हणतो मी. आमचंही क्वांटाइझ (क्लिप ठोक्याला आपोआप बसवणं) एका बारवर लावलेलं आहे.

लूपवाली
मी कधीमधी लाइव्ह सेट करते, लॅपटॉपशिवाय. एक ड्रम मशीन, दोन सिंथ, एक डिले (प्रतिध्वनी देणारं यंत्र), छोटा मिक्सर. 'चुकायची मुभा नाही' वाचून हसू आलं.

ही सगळी यंत्रं एका लयीत राहतात ती मिडी क्लॉकमुळे. एका ठोक्यामागे चोवीस स्पंदनं तारेतून जात असतात. एका कार्यक्रमात मधेच ड्रम मशीनकडून निघणारी तार सैल झाली. ड्रम चालूच, पण दोन्ही सिंथ जागच्या जागी थांबले. तार परत खोचली की सिंथ आपोआप सुरू होतील हे खरं, पण कुठून? त्यांच्या लेखी सम भलतीकडेच. म्हणून आधी डिलेचा फीडबॅक वर नेला. शेवटचा सूर त्यात घुमत राहिला, तेवढा वेळ मिळाला. मग तार खोचली, ड्रमचा आवाज खाली ओढला, सगळं थांबवलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. लोकांना वाटलं ब्रेकडाउन आहे. मागे बसलेल्या साउंडवाल्याला मात्र वाटलं ड्रमचा चॅनल गेला, म्हणून त्याने तो म्यूट करून तपासायला घेतला. मी इकडे दिमाखात किक परत आणली आणि काहीच वाजलं नाही. वीस माणसं उडी मारायला हात वर करून उभी.

तर डेडमाऊसला तासाभरात जे शिकवता येतं म्हणे, त्यात हे बसत नाही.

रिकामटेकडा
साउंडवाल्याने लाइव्ह परफॉर्मन्स दिला.

निशाचर
=)) वाचनखूण साठवली.

कोमलनिषाद
लूपवाली, किस्सा झकास. पण यातून यंत्र बिघडू शकतं एवढंच सिद्ध होतं. लिफ्टही बंद पडते. लिफ्टवाल्याला कलाकार म्हणत नाही आपण.

मंदाकिनी_फेडर
आता विचार करून लिहिते आहे, लांबलं तर सोसा.

१२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) एक बार १.८७५ सेकंदांचा होतो. सोळा बार म्हणजे बरोबर अर्धं मिनिट. हे संगीत आठ, सोळा, बत्तीस बारांच्या ठोकळ्यांत चालतं आणि नाचणाऱ्याच्या अंगात ते ठोकळे मुरलेले असतात. सोळावा बार संपत आला की काहीतरी होणार हे पायांना कळतं. वाजवणाऱ्याच्या हातात असतं ते हे की ते होऊ द्यायचं की नाही.

बेस काढून घेतला. पहिले आठ बार लोक आपल्याच जोरावर नाचतात. पुढच्या आठात पाय हलके पडतात, माना वर होतात, सगळे स्पीकरकडे बघायला लागतात. सोळाव्या बारला बेस परत दिला तर समाधान. न देता अजून आठ बार नुसती हॅट चालू ठेवली तर एक तर सगळी जागा तापते, नाहीतर मागची रांग फोन काढते. यातलं काय होणार हे आदल्या रात्री कुणालाही ठाऊक नसतं, कारण ते त्या माणसांवर आहे, त्यांच्या दमावर आहे, आधीच्याने त्यांना किती पिळून ठेवलंय त्यावर आहे.

सतारियाचा निर्णय क्षणार्धातला असतो, बोटाखालच्या मींडेचा. इथला निर्णय अर्ध्या मिनिटाचा असतो. सूर आधी ठरलेले आहेत, मान्य. पण किती वेळ आणि कधी, हे ठरलेलं नाही, आणि नाचाच्या संगीतात बांधणी म्हणतात ती हीच. कोमलनिषाद वर म्हणाले, 'ताणणं म्हणजे वादन?' माझ्या मते हो, या संगीतात तेच वादन. बाकी सगळं ट्रॅक बनवतानाच झालेलं असतं.

म्हणून टाइमकोडवाला कार्यक्रम मला लाइव्ह वाटत नाही, मग त्यात कीबोर्डवर कितीही बोटं नाचोत. आणि दुसऱ्यांच्या रेकॉर्ड वाजवणारा चांगला डीजे कित्येकदा जास्त लाइव्ह असतो. खर्जातला, तुमच्या क्लिपांचा क्रम आणि लांबी ठरलेली आहे का, एवढंच सांगा. क्वांटाइझचं सोडा.

सोळामात्रा
ताई, दंडवत.

खर्जातला
क्रम ठरलेला आहे. लांबी... जोडीदाराने कागदावर लिहून काढली आहे.

रिकामटेकडा
कागद फाडा.

धांडोळा
मंदाकिनीताईंच्या म्हणण्याला जुना आधार आहे. पिएर शेफरने १९४८मध्ये आगगाडीचे वगैरे आवाज मुद्रित करून त्यांचं संगीत केलं, तेव्हापासून 'स्टेजवर कुणीच नाही, मग ऐकायला जायचं कशाला' हा वाद आहे. फ्रान्स्वा बेलने १९७४मध्ये पॅरिसला त्यावर उत्तर काढलं. वेगवेगळ्या जातीचे ढीगभर स्पीकर सभागृहभर मांडायचे आणि संगीतकाराने मिक्सरवर बसून तयार टेप त्यांच्यात खेळवायची. टेप तीच, पण दर वेळी सभागृह पाहून वेगळी वाजवलेली. जमैकात किंग टबी वगैरे मंडळी त्याच दशकात मिक्सरच्या फेडरवर डब वाजवत होती. गाणं आधीच मुद्रित झालेलं, त्यातून गायक काढला, बेस ठेवला, एकच शब्द एकोत सोडून दिला. मिक्सर हेच वाद्य. आजच्या डीजेचं टेबल याच घराण्यातलं.

कंसातला
लाइव्ह कोडिंगबद्दल कुणीच बोललं नाही? आम्ही स्टेजवर प्रोग्रॅम लिहितो आणि लिहितानाच तो वाजतो. टायडलसायकल्स, सुपरकोलायडर अशी साधनं आहेत. टॉपलॅप म्हणून या लोकांची संघटना २००४मध्ये झाली, तिच्या जाहीरनाम्यात 'तुमची स्क्रीन दाखवा' असं कलम आहे. त्यामुळे कोड मागे पडद्यावर दिसत असतो. काही जण कोऱ्या पडद्यापासून सुरुवात करतात. किकची एक ओळ, मग हॅटची, मग त्या ओळीतला एक आकडा बदलला की सगळं उलटंपालटं. कंस बंद करायचा राहिला तर एरर येते, तीही पडद्यावर, सगळ्यांसमोर. जुना पॅटर्न चालू राहतो आणि तुम्ही घाम पुसत कंस शोधत बसता. यापेक्षा लाइव्ह काय असतं?

बिनतारी
म्हणजे लोकांनी नाचायचं की प्रूफरीडिंग करायचं?

कंसातला
दोन्ही करतात. मागून 'सातवी ओळ' म्हणून ओरडतातसुद्धा.

निशाचर
'दाखवा' या आग्रहाशीच मी सहमत नाही. डाफ्ट पंक ही जोडगोळी २००६मध्ये कोचेला महोत्सवात त्या पिरॅमिडमध्ये हेल्मेट घालून उभे राहिले. हात दिसत नाहीत, तोंड दिसत नाही, आत लॅपटॉप आहे की पत्त्यांचा डाव चाललाय कळायला मार्ग नाही. पण स्वतःच्याच गाण्यांचे तुकडे त्यांनी एकमेकांत असे घुसवले की जुनी गाणी नवी वाटली. त्या दौऱ्याच्या मुद्रणाला पुढे ग्रॅमीही मिळालं. लोकांनी हात मोजले नाहीत.

कोमलनिषाद
म्हणजे फसवलं तरी चालेल, छान फसवा.

निशाचर
फसवलं कुठे म्हणालो? दिसणं आणि घडणं वेगळं, एवढंच. उलटही असतं. समोर दहा सिंथ, शंभर तारा, दिवे लुकलुकतात, आणि वाजतंय ते लॅपटॉपवरून. असले देखावे पाहिलेत मी.

लूपवाली
मीही. एकाच्या सिंथला वीजच नव्हती.

हातचलाखी
किंक नावाचा बल्गेरियन कलाकार आहे. तो कंट्रोलर उचलून सरळ पुढच्या रांगेतल्या लोकांच्या हातात देतो, वाजवा म्हणतो. शंका फिटते सगळ्यांची.

सोळामात्रा
आणि जोजो मेयर? साध्या ड्रमसेटवर ड्रम अँड बेस वाजवतो, मशीनचे कापलेले ब्रेक (ठेक्याचे तुकडे) हातापायांनी. कोमलनिषाद, तुम्हाला तो आवडेल.

कोमलनिषाद
ऐकला आत्ता. भन्नाट आहे. पण हे इलेक्ट्रॉनिक कुठे राहिलं मग?

रिकामटेकडा
या माणसाला कुठेच ठेवता येत नाही.

अनामिक_बासरी
हे सगळं संगीतच नाही, नुसता धांगडधिंगा.

अनामिक_बासरी
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

बिनतारी
वरचा काढायचा राहिला, बासरीराव.

मंचामागे
धागा आत्ता वाचला. मी कार्यक्रमांच्या व्यवस्थेत असतो. तुमचाच अर्ज असेल असं नाही, पण या दोन चौकटी सगळीकडे एकाच कारणासाठी असतात आणि त्या कारणाचा कलेशी काडीचा संबंध नाही.

'डीजे सेट' म्हणजे स्टेजवर प्लेअर आणि मिक्सर आमचे. तुम्ही पेनड्राइव्ह नाहीतर रेकॉर्डची पिशवी घेऊन या, आधीच्याचं शेवटचं गाणं चालू असताना तुमचं पहिलं लावा. बदलायला वेळ लागत नाही. 'लाइव्ह सेट' म्हणजे तुम्ही स्वतःची यंत्रं आणणार. मग तुम्हाला वेगळं टेबल लागतं, वीज लागते, मिक्सरपर्यंत तारा ओढाव्या लागतात, आधी साउंडचेक लागतो, तुमच्या आधी आणि नंतर मोकळा वेळ ठेवावा लागतो. लाइव्हवाल्याचा सेट सहसा छोटा असतो, कारण बहुतेकांकडे तासाभराचंच साहित्य असतं. डीजे चार तासही वाजवू शकतो.

खर्जातला, तुम्ही ड्रम मशीन आणि सिंथ आणणार असाल तर 'लाइव्ह'वर खूण करा. नाही केलीत तर टेबल मिळणार नाही आणि सिंथ मांडीवर घेऊन वाजवाल.

रिकामटेकडा
पन्नास प्रतिसादांचं तत्त्वज्ञान टेबलावर येऊन संपलं.

कंसातला
पन्नास कुठे, चाळीसही नाहीत अजून. सातवी ओळ तपासा.

खर्जातला
मंचामागे, हे आधी सांगितलं असतंत तर जोडीदाराशी अबोला टळला असता. :( 'लाइव्ह'वर खूण करतोय. मंदाकिनीताई, कागद फाडला नाही, पण त्यावरच्या लांब्या खोडल्या आणि क्रम तेवढा ठेवला. काल तालमीत एक ब्रेकडाउन जोडीदाराने इतका ताणला की मला वाटलं लॅपटॉप अडकला.

मूळ मुद्द्यावर माझं मत अजून पुरतं बदललेलं नाही. अर्ध्या मिनिटाच्या निर्णयाला वादन म्हणायला मन धजत नाही. पण टाइमकोडवाला आणि मिल्स यांना एका पारड्यात टाकत होतो, तसं आता टाकणार नाही.

कोमलनिषाद
मी जागचा हललेलो नाही. पण त्या कंट्रोलर वाटणाऱ्या बल्गेरियन बाबाला प्रत्यक्ष ऐकायला जाणार आहे.

मंदाकिनी_फेडर
पुढच्या रांगेत उभे राहा. हातात आला तर वाजवा.

खर्जातला
मंचामागे, अजून एक. अर्जात 'किती चॅनल' विचारलंय. आमच्या छोट्या मिक्सरमधून डावा-उजवा असे दोनच बाहेर येतात. दोन लिहू?

मंचामागे
दोन चालतील, पण जमलं तर किक वेगळी काढा आणि तीन लिहा. साउंडवाल्याला तुमची किक वर-खाली करता आली पाहिजे, नाहीतर तो सगळंच वर-खाली करतो. लॅपटॉपचा चार्जर जोडला की घरघर येते का ते तालमीतच बघून घ्या, येत असेल तर डीआय बॉक्स (ती घरघर तोडणारी डबी) मागून ठेवा. आणि टेबलाच्या रकान्यात नुसतं 'टेबल' लिहू नका, लांबी-रुंदी लिहा आणि 'न डगमगणारं' असं स्पष्ट लिहा.

लूपवाली
आणि मिडीची जास्तीची तार खिशात ठेवा. बॅगेत नाही, खिशात. साउंडवाल्याचं नावही विचारून ठेवा.